बरोक वाजवताना ऑर्केस्ट्रा पळतो आणि तरीही जड वाटतो: बिघाड नेमका कुठे शोधायचा?

बरोक म्हणजे साधारण 1600 ते 1750 या काळातलं युरोपीय संगीत. त्यातली विवाल्दीची एखादी अलेग्रो, म्हणजे जलद, मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) बसवायला घेतली आहे. पहिले काही बार (मात्रांचे ठरावीक छोटे गट) झकास जातात. पान संपता संपता लय चढलेली असते, दुसरी व्हायोलिनं सेमीक्वेव्हरमध्ये (पाव मात्रेच्या स्वरांत) घसरत असतात, चेलो मागे राहिलेले असतात, आणि एवढं पळूनही ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी ओझं ओढतंय. तुम्ही थांबवता, "पळू नका" म्हणता, टाळ्या वाजवून लय देता. पुन्हा सुरू, पुन्हा त्याच जागी तेच. कार्यक्रम जवळ आला की आणखीच.

विद्यार्थ्यांचा स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते. उपायही ठरलेला: हळू घ्या, मेट्रोनोम लावा. मेट्रोनोम चालू असेपर्यंत बरं चालतं, बंद केला की ये रे माझ्या मागल्या. मुलांना मोजता येत नाही असं समजून आपण मोजण्यावरच घाव घालत बसतो. मुलांना मोजता चांगलं येतं. पळणं आणि जडपणा ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत: सगळे स्वर सारख्या लांबीचे आणि सारख्या वजनाचे निघताहेत. स्वरांमध्ये भारी-हलकं काही उरलं नाही की लयीला टेकायला जागा राहत नाही, मग ती पुढे घसरते. याचं मूळ शोधायचं तर दोनच ठिकाणी हात घालायचा. एक चेलो-बेसची ओळ, दुसरा सगळ्यांचा उजवा हात.

आधी एक चाचणी

व्हायोलिन आणि व्हायोलावाल्यांना बो (गज) मांडीवर ठेवायला सांगा. फक्त चेलो, डबल बेस आणि असेल तर कीबोर्ड यांना एक पानभर वाजवू द्या. हात हलवू नका, मोजू नका, पाय आपटू नका. नुसतं ऐका.

बेसची ओळ एकटी असतानाच पळत किंवा रेंगाळत असेल तर वरच्यांना बोलण्यात अर्थ नाही. ओळ स्थिर आहे पण ऐकताना जांभई येतेय, तर स्वरांना आकार नाही. ओळ स्थिर आहे, जिवंतही आहे, आणि तरी सगळे मिळून वाजवताना घसरगुंडी होते, तर मात्र वरच्या मंडळींचे बो तपासायचे. बहुतेक ऑर्केस्ट्रांमध्ये पहिल्या दोनपैकीच एक निघतं. आणि तालमीचा बहुतेक वेळ कुणावर खर्च होतो? पहिल्या व्हायोलिनांवर.

चेलो-बेसची ओळ

चेलो वाजवणाऱ्या मुलांच्या पानावर ओळीच्या ओळी क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचे स्वर) असतात. सोपं दिसतं, म्हणून घरी कुणी उघडून बघत नाही. पण बरोक काळातलं जवळजवळ सगळं समूहाचं वाद्यसंगीत याच ओळीवर उभं आहे. तिला कंटिन्यूओ म्हणतात. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्डवाद्य) वाजवणारा चेलोचीच ओळ डाव्या हाताने वाजवायचा आणि स्वरांवर लिहिलेल्या आकड्यांवरून उजव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरायचा. वरची व्हायोलिनं या दोघांवर विसंबून असायची. तेव्हा चेलोच्या मुलांना पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा की लय तुमच्या हातात आहे, कंडक्टरच्या नाही. हे नुसतं ऐकूनसुद्धा ती मुलं ताठ बसतात.

मग आकार. प्रत्येक क्वेव्हर सुरुवातीला तारेला नीट पकडून, लगेच वजन सोडून, पुढच्या स्वराआधी किंचित फट ठेवून. फट म्हणजे ठोकळेबाज स्टकाटो (तोडून वाजवलेले स्वर) नव्हे. स्वर आपोआप विरला पाहिजे. याला एक जुजबी पण हमखास कामी येणारा नियम आहे: शेजारच्या स्वरावर जात असाल तर जोडून, उडी मारत असाल तर सोडून. आणि जिथे कॉर्ड बदलते तिथे वजन. चार क्वेव्हर एकाच स्वरावर असतील तर चारही सारखे ठोकायचं काही कारण नाही. पहिला सांगायचा, बाकीचे त्याच्या मागे.

पाखेल्बेलचा कॅनन घ्या, तो बहुतेकांनी वाजवलेला असतो. चेलोला दोन बारांचे आठ क्रॉचेट (एकेका मात्रेचे स्वर), आणि तेच 28 वेळा. चेलोवादकांमध्ये या रचनेवरून चालणारे विनोद उगीच नाहीत. दहाव्या फेरीपर्यंत मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात आणि तिथपासून सगळं लोंबकळतं. आता ते आठ स्वर जवळून बघा: डी-ए, बी-एफ शार्प, जी-डी, आणि शेवटी जी-ए. पहिल्या सहा स्वरांच्या तीन जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडी चार स्वरांचं अंतर खाली उतरते. जोडीतला पहिला भारी, दुसरा हलका. शेवटची जोडी मात्र वर चढते आणि पुढच्या फेरीच्या डीकडे ओढते, म्हणून तिथे दुसरा स्वर पहिल्यापेक्षा किंचित जास्त. एवढं एकच ठरवून चेलोंना वाजवायला लावा. वरच्या व्हायोलिनांना काहीही न सांगता त्यांची लय सावरते, कारण आता दर दोन बारांनी त्यांना पोचायला एक ठिकाण मिळालेलं असतं. जाता जाता, मूळ रचना तीन व्हायोलिनं आणि कंटिन्यूओ एवढ्यासाठीच आहे. तिन्ही व्हायोलिनं दोन-दोन बारांच्या अंतराने तेच वाजवतात. व्हायोलाची ओळ नंतरच्या मांडण्यांतली, त्यामुळे ती जड होत असेल तर बिनधास्त पातळ करा.

डबल बेसचं वेगळं प्रकरण. तो लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो आणि जाड तार बोलायला वेळ घेते. चेलोबरोबर धावणारे क्वेव्हर बेसवर नुसती घरघर होतात. विद्यार्थी नवखा असेल तर त्याला प्रत्येक जोडीतला पहिलाच स्वर द्या, म्हणजे क्वेव्हरऐवजी सुटे क्रॉचेट. ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचं कळत नाही आणि तळाचा चिखल निघून जातो.

हार्पसिकॉर्ड बहुतेकांकडे नसतो. डिजिटल कीबोर्डवरचा हार्पसिकॉर्डचा आवाज चालतो, फक्त आवाज एवढाच ठेवा की वाजवणाऱ्यांना ऐकू येईल. श्रोत्यांना नाही आला तरी बिघडत नाही. कीबोर्ड मधोमध, मुख्य चेलो त्याच्या अगदी शेजारी, डाव्या हाताकडे नजर जाईल असा. आणि छापील पानावर उजव्या हाताला जे भरगच्च लिहिलेलं असतं ते अर्धं गाळा. कॉर्ड बदलली की एक कॉर्ड, बस. कीबोर्डने पहिल्या व्हायोलिनची धून दुप्पट करायला घेतली की लय दोघांच्या मध्ये कुठेतरी हरवते.

उजवा हात

आज आपण वापरतो तो बो फ्रान्स्वा तूर्त या फ्रेंच कारागिराच्या हातून 1785 च्या आसपास स्थिरावला. विवाल्दी 1741 मध्ये गेला, बाख 1750 मध्ये, हँडल 1759 मध्ये. यांच्यापैकी कुणीही हा बो बघितलेला नाही. त्यांच्या काळचा बो आखूड, टोकाकडे हलका, काठी सरळ किंवा बाहेरच्या बाजूला फुगलेली. त्यावर काढलेला स्वर आपसूकच फुलून विरतो, आणि अप-बो (टोकाकडून हाताकडे) आपसूकच डाउन-बोपेक्षा (हाताकडून टोकाकडे) हलका निघतो. तूर्तचा बो याच्या उलट कामासाठी आहे: फ्रॉगपासून (बो धरायच्या टोकापासून) दुसऱ्या टोकापर्यंत आवाज एकसारखा ठेवणं. आपण मुलांना वर्षानुवर्षं तोच एकसारखेपणा शिकवतो, बो बदलताना कळता कामा नये म्हणून रागावतो, आणि मग एके दिवशी बरोकचं पान पुढे ठेवून म्हणतो, "हलकं वाजवा ना!" मुलं बिचारी दाब कमी करतात. आवाज बारीक होतो, हलका होत नाही.

जुन्या पद्धतीचे बो विकत घ्यायची गरज नाही. बो फ्रॉगपासून तीन-चार बोटं वर धरायला सांगा. टोक लगेच हलकं होतं. आता उघड्या तारेवर एक डाउन-बो: सुरुवातीला छोटी पकड, लगेच वजन सोडायचं, बो चालू राहू द्यायचा आणि स्वर मरू द्यायचा. अप-बो परत येताना काहीच करायचं नाही, नुसतं आणायचं. लिओपोल्ड मोझार्टने 1756 च्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की कितीही जोराने काढलेल्या स्वराच्या अगदी सुरुवातीला थोडा मऊपणा असतोच, शेवटीही असतो. तो मऊपणा सगळ्या सेक्शनला एकदा उघड्या तारेवर ऐकू आला की मगच पान उघडा. नंतर बो पुन्हा नेहमीच्या जागी धरला तरी हाताला चव लक्षात राहते. काही मुलं कायम वरच धरायला लागतात. धरू द्या.

चार मात्रांच्या बारमध्ये पहिली भारी, दुसरी हलकी, तिसरी मध्यम, चौथी सर्वांत हलकी पण पुढच्या समेकडे झुकलेली. ज्यांच्या कानात ठेक्यातली भरी आणि खाली बसलेली आहे त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त बोमध्ये आणायला सांगावं लागतं.

आता सेमीक्वेव्हर, म्हणजे जिथे खरं पळणं होतं ती जागा. सेक्शनच्या मागे उभं राहून बो बघा. बहुतेकांचा बो गरजेपेक्षा दुप्पट चाललेला असतो. बोच्या मध्यावर, दोन बोटांच्या रुंदीएवढाच, तारेवर टेकलेला, असा वाजवायला लावा. उडवायचा प्रयत्न नको. मग कान लावून ऐका की चारातला कुठला स्वर खाल्ला जातोय. जवळजवळ नेहमी दुसरा आणि तिसरा. पहिल्यावर जोर दिला की हाताला वाटतं काम झालं, आणि उरलेले तीन एकमेकांवर कोसळतात. म्हणून गट बदला: एक-दोन-तीन-चार असं न मोजता दोन-तीन-चार-एक. म्हणजे पहिला स्वर वाजवून थांबा, मग दोन-तीन-चार-एक, थांबा, दोन-तीन-चार-एक, थांबा. थांबण्याची जागा हळूहळू कमी करत आणा. तीन स्वरांना आता कुठेतरी जायचं असतं, त्यामुळे ते चुरगळत नाहीत.

हाच दोष कागदावरून कसा हातात उतरतो ते बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोत लख्ख दिसतं. 1721 मध्ये ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्राफला अर्पण केलेल्या सहांपैकी हा तिसरा: तीन व्हायोलिनं, तीन व्हायोला, तीन चेलो आणि कंटिन्यूओ. पहिली मूव्हमेंट दोन सेमीक्वेव्हरनी सुरू होते आणि तिसरा स्वर, क्वेव्हर, मात्रेवर येतो. डिगि-दा, डिगि-दा, डिगि-दा. पण छपाईत दांडी मात्रेनुसार जोडलेली असते, म्हणून डोळ्यांना दिसतं ते एक क्वेव्हर आणि त्याला चिकटलेले दोन सेमीक्वेव्हर: दा-डिगि, दा-डिगि. मुलं डोळ्यांनी वाजवतात. मग दोन छोटे स्वर मागच्या क्वेव्हरचं शेपूट होतात, प्रत्येक मात्रेवर धपका बसतो आणि सगळं एकाच वेळी जड आणि घाईचं होतं. पेन्सिलने दांडीच्या वरून दुसरे गट दाखवणाऱ्या छोट्या कमानी काढा, दोन छोट्यांपासून पुढच्या क्वेव्हरपर्यंत. मग वाद्यं खाली ठेवून सगळ्यांना तोंडाने म्हणायला लावा. तोंडाने नीट आलं की हातात यायला फार वेळ लागत नाही. याच कॉन्चेर्तोच्या मधल्या मूव्हमेंटमध्ये नुसत्या दोन कॉर्ड आहेत आणि तिथे काय करायचं यावर तासन्तास चर्चा होते. विद्यार्थ्यांसाठी माझं मत: पहिल्या कॉर्डवर एका व्हायोलिनने किंवा कीबोर्डने छोटीशी वळणं घ्यावीत, दुसऱ्या कॉर्डवर उतरावं आणि पुढे निघावं.

बोच्या दिशांबद्दल दोन शब्द. गेओर्ग मुफाट या संगीतकाराने 1698 मध्ये ल्युली या फ्रेंच दरबारी संगीतकाराच्या वादकांची पद्धत लिहून काढली. तिचं सार असं की बारची पहिली मात्रा डाउन-बोवर. तीन मात्रांच्या चपळ बारमध्ये खाली-वर-वर. 1751 मध्ये इटालियन व्हायोलिनवादक जेमिनियानीने मात्र याच नियमाला नाकं मुरडली. विद्यार्थ्यांसाठी आधी मुफाट, मग जेमिनियानी. डाउन-बोचा नियम एकदा अंगात भिनला की तो कुठे मोडायचा हे मुलंच विचारायला लागतात. आणि पान हाती घेतल्यावर सर्वांत आधी रबर हाती घ्या. जुन्या शालेय आवृत्त्यांमध्ये संपादकांनी लांबच लांब स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी), क्रेशेंडो (आवाज वाढवण्याच्या खुणा) आणि स्वरांवर रेघा घातलेल्या असतात. त्यातलं बरंचसं मूळ संगीतकाराचं नसतं. मूळ मजकुरावर आधारलेली आवृत्ती शेजारी ठेवा आणि जे तिच्यात नाही ते खोडा. निम्मा जडपणा छापखान्यातून आलेला असतो.

संथ मूव्हमेंट मेल्यासारखी वाटते

इथे लक्षण उलटं दिसतं, रोग तोच. कोरेलीच्या ओपस 6 (सहाव्या क्रमांकाच्या संग्रहा) मधला आठवा, ख्रिसमसचा म्हणून ओळखला जाणारा जी मायनर कॉन्चेर्तो घ्या. सुरुवातीच्या काही बारांनंतर ग्रावे, म्हणजे गंभीर संथ भाग, येतो, लांब धरलेल्या स्वरांचा, आणि त्यावर कोरेलीने सूचना लिहिली आहे की स्वर धरून ठेवा आणि लिहिलंय तसंच वाजवा. म्हणजे वर नक्षीकाम नको. मुलं लिहिलंय तसंच वाजवतात, आणि आवाज नळाच्या पाण्यासारखा सपाट येतो.

तिथे सगळी गंमत सस्पेन्शनची आहे. एक ओळ आपला स्वर धरून बसते, दुसरी हलते आणि त्यांचं भांडण होतं. मग धरून बसलेली ओळ एक पायरी उतरते आणि भांडण मिटतं. मुलांना प्रत्येक बारमध्ये एकच प्रश्न विचारा: आत्ता कोण भांडतंय? ज्याचा स्वर टोचतोय त्याने हात वर करायचा. मग नियम सरळ: टोचणारा स्वर वाढत जायचा, सुटका झालेला स्वर हलका सोडायचा. सुटकेचा स्वर जोरात वाजला की सगळं वाया जातं, आणि मुलांचा हात नेमका तिथेच जोर देतो, कारण तिथे बो बदलतो. पहिली आणि दुसरी व्हायोलिनं एकमेकांसमोर उभी करून फक्त त्या दोन ओळी वाजवा. हा भाग तालमीत मी कधीच घाईने उरकत नाही. इथे दिलेला वेळ अलेग्रोतही परत मिळतो, कारण मुलं पहिल्यांदाच दुसऱ्याची ओळ ऐकायला लागलेली असतात.

कॅडेन्सपाशी (वाक्य संपतं त्या जागी) कोसळतं

तीन मात्रांच्या मूव्हमेंटमध्ये शेवटाआधी दोन बार अचानक सटकत असतील तर तिथे बहुधा हेमिओला आहे. तीन-तीनचे दोन बार प्रत्यक्षात दोन-दोनचे तीन गट झालेले असतात. बेसची ओळ बघा, कॉर्ड कुठे बदलते त्यावरून कळतं. त्या दोन बारांवर तीन कंस काढून ठेवा आणि तिथे तीनात हात हलवणं बंद करा, कारण तुमचा हातच मुलांना चुकीचं सांगत असतो.

दुसरं कारण ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने आलटापालट. कॅडेन्सचा ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू होतो, आणि तो वरचा स्वर मात्रेवर असतो. मुलं खालच्या स्वरापासून सुरू करतात आणि जमेल तितक्या वेगाने बोट हलवतात, त्यात मात्रा निघून जाते. ज्यांना जमत नाही त्यांना ट्रिलच देऊ नका: वरचा स्वर थोडा लांब धरायचा आणि खाली उतरायचं. सुरांची ओढ तीच राहते. सेक्शनमधल्या दोघांनीच ट्रिल वाजवला तरी ऐकणाऱ्याला सगळ्यांचा वाटतो.

आवाज मळकट येतो

आधी व्हायब्रेटो (बोट हलवून स्वराला दिलेली थरथर) बंद करून एक कॉर्ड वाजवा. ऐतिहासिक कारणांसाठी नव्हे. त्या बाबतीत जुनी मंडळीसुद्धा एकमताची नव्हती. जेमिनियानी तो जमेल तितका वापरा म्हणतो, तर लिओपोल्ड मोझार्ट प्रत्येक स्वरावर थरथरणाऱ्यांना तापाने कापणारे रोगी म्हणून झोडपतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत कारण साधं आहे: व्हायब्रेटोच्या आड बेसूर लपतो. सूर लागला की लांब स्वरांवर तो परत येऊ द्या.

कॉर्ड खालून वर लावा. आधी बेसचा मूळ स्वर, मग पाचवा, सर्वांत शेवटी तिसरा. डी मेजरमधला एफ शार्प पियानोवर जिथे असतो त्यापेक्षा थोडा खाली घेतला की कॉर्ड शांत होते; सेमिटोनचे 100 भाग केले तर साधारण 14 भाग खाली. मात्र कीबोर्ड नेहमीच्या समान अंतरांवर लावलेला असेल आणि त्याचा उजवा हात तोच एफ शार्प ठणकावत असेल तर भांडण होणारच; त्या कॉर्डमधून कीबोर्डचा तिसरा स्वर काढून टाका.

ए स्वर, जुन्या वाद्यांसारखा, 415 हर्ट्झवर लावू का, असं हमखास विचारलं जातं. आजच्या नेहमीच्या 440 पेक्षा ते जवळपास एक सेमिटोन खाली आहे. नेहमीच्या स्टीलच्या किंवा सिंथेटिक तारा तेवढ्या खाली उतरवल्या तर ढिल्या पडतात आणि काहीच साधत नाही. 440 वरच राहा.

हळू आवाजात वाजवा म्हटलं की जीव जातो

पियानो, म्हणजे हळू आवाजात, असं लिहिलेल्या जागी मुलांचा बो रांगायला लागतो आणि लय ओढली जाते. त्यांना आवाज कमी करायला सांगूच नका. वाजवणारी माणसं कमी करा. दर स्टँडवरचा एक जण थांबला की आवाज आपोआप उतरतो आणि उरलेले बिनधास्त वाजवतात. कॉन्चेर्तो ग्रोसोची रचनाच अशी आहे. कोरेलीकडे दोन व्हायोलिनं आणि एक चेलो यांचा छोटा गट एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला.

तालमीत बरं, कार्यक्रमात पुन्हा तेच

दोन कारणं. एक, लय पहिल्या सोप्या बारवरून ठरवलेली असते. ती दुसऱ्या व्हायोलिनच्या सर्वांत अवघड ओळीवरून ठरवा. सुरू करण्याआधी ती ओळ मनात म्हणा, मगच हात उचला. दोन, घाबरलेली मुलं कंडक्टरकडे बघतात आणि कंडक्टरही घाबरून मोठे हात करतो. मोठ्या हाताला मुलं मोठ्या बोने उत्तर देतात, आणि मोठा बो म्हणजे काय ते वर आलंच आहे. त्या काळात असे समूह बहुधा पहिल्या व्हायोलिनवरून किंवा हार्पसिकॉर्डवरून चालवले जायचे. काठी आपटून लय देणारेही होते. ल्युलीने 1687 मध्ये तशीच काठी स्वतःच्या पायावर आपटून घेतली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. तेवढ्यासाठी तरी स्टँडवर पेन्सिल ठोकायची सवय सोडा.

तालमीच्या शेवटच्या टप्प्यात दरवेळी एक मूव्हमेंट कंडक्टरशिवाय वाजवा. सुरुवात मुख्य चेलोवादकाच्या श्वासावर. चेलो सोडून बाकीच्यांना उभं राहून वाजवू द्या. बो मोकळा होतो आणि एकमेकांचे हात दिसतात. मेट्रोनोम लावायचाच असेल तर प्रत्येक मात्रेवर नको, बारला एकच ठोका ठेवा. मधली जागा मुलांनी भरायची. प्रत्येक मात्रेवर टकटक मिळाली की मुलं तिच्यामागे धावतात आणि ती थांबली की पोरकी होतात.

एवढं करूनही पळत असेल तर

मग रचना तपासा. हे संगीत विद्यार्थ्यांना झेपत नाही असं म्हणणाऱ्यांना सांगावं की विवाल्दी 1703 पासून व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात, सांभाळायला घेतलेल्या मुलींना व्हायोलिन शिकवत होता आणि त्याच मुलींच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहीत होता. अर्थात त्या भलत्याच तयारीच्या होत्या. त्याच्या 1711 च्या ओपस 3 मधला दोन व्हायोलिनांचा ए मायनर कॉन्चेर्तो सर्वांना हवाहवासा वाटतो, पण त्यात लपायला जागा नाही. सोबतीच्या ओळीसुद्धा उघड्या पडतात. सेक्शनमध्ये कच्चे-पक्के मिसळलेले असतील तर कोरेलीच्या ओपस 6 कडे या, 1714 मध्ये, तो गेल्यानंतर वर्षभराने छापलेले बारा कॉन्चेर्तो. तयारीची तीन मुलं छोट्या गटात बसवा, बाकीच्यांच्या ओळी बऱ्याच ठिकाणी पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात वर न सरकवता, निभावतात. हँडलचा ओपस 6 त्यानंतर, आणि ब्रांडेनबुर्ग तिसरा तेव्हाच, जेव्हा तीन व्हायोला खरोखर वेगवेगळं वाजवू शकतील. दोनच व्हायोलावाले असतील तर तिसरी ओळ एखाद्या व्हायोलिनला लिहून देता येते; सी तारेवरचे स्वर तेवढे एक सप्तक वर घ्यावे लागतात.